शेवटचा शॉट मी ठरवणार

मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. शाळेतून निवृत्त झाले तरी रोज सकाळी मैदानावर असते, त्यामुळे 'गेलं' म्हणण्यापेक्षा 'जातंय' म्हणते. एवढ्या वर्षांत लोकांनी मला चेंडू कसा धरायचा, पाय कसे ठेवायचे, हे क्वचितच विचारलं. प्रश्न एकच येत राहिला : "मॅडम, शेवटचा शॉट तिला का दिलात?" विचारणारे नेहमी हरल्यावर विचारतात. जिंकल्यावर हाच निर्णय त्यांना आधीपासून ठाऊक असतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सामना संपायला काही सेकंद उरलेत, आपण एका गुणाने मागे आहोत, चेंडू आपल्याकडे आहे. अशा वेळी प्रशिक्षक छोटी विश्रांती मागून घेऊ शकतो. तिला टाइमआउट म्हणतात. मुली धापा टाकत भोवती गोळा होतात, घाम गळत असतो, कुणी पाण्याची बाटली डोक्यावर ओतते. बाहेर प्रेक्षक ओरडत असतात. तेवढ्यात मला एक नाव घ्यायचं असतं. मग उरलेल्या चौघींनी तिच्यासाठी वाट मोकळी करायची, समोरच्यांना दुसरीकडे ओढून न्यायचं, आणि तिने शॉट मारायचा.

यात ठरवायचं काय, असं लोकांना वाटतं. जी सगळ्यात जास्त गुण करते तिला द्या! इतकं सोपं असतं तर टाइमआउटमध्ये मी पण निवांत पाणी प्यायले असते.

मी आधी पाय बघते. शॉटची ताकद गुडघ्यातून येते, हात फक्त दिशा देतात. दमलेल्या मुलीचा चेंडू रिंगच्या अलीकडेच पडतो, मग ती कितीही गुणी असो. मग तिच्यावर पहारा कोणाचा आहे ते बघते. आणि मग डोळे. टाइमआउटमध्ये काही मुली बुटांच्या नाड्यांकडे बघतात, काही प्रेक्षकांत आईवडील शोधतात. एखादी माझ्याकडे बघत असते.

शेवटी एक गोष्ट बघते, ती कुठल्या पुस्तकात नाही. हा शॉट चुकला तर ही मुलगी सोमवारी सरावाला येईल का? कारण शेवटचा शॉट कोण मारणार हे ठरवणं म्हणजे, हरलो तर सगळ्यांची बोटं कोणाकडे वळणार हे ठरवणं. म्हणून नाव घेतल्यावर मी त्या मुलीला प्रत्येक वेळी एकच वाक्य सांगत आले : "झाला तर तुझा, चुकला तर माझा."

हल्ली माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचे वडील खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ते प्रत्येक सामना मोबाईलवर टिपतात आणि कोणाचे किती शॉट कुठून जातात याची आकडेमोड मला पाठवतात. भला माणूस आहे. एक मुलगी डावीकडून नेहमी चुकते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. पण एकदा त्यांनी 'शेवटचा शॉट : सुचवलेला पर्याय' असाही मेसेज पाठवला. मी म्हटलं, "रविवारी या आणि एकदा स्वतः मारून बघा." ते खरंच आले! मुलींनी भोवती कडं करून असा काही गलका केला की त्यांचा चेंडू रिंगला सोडाच, मागच्या फळीलाही लागला नाही. खूप हसले. पर्याय अजूनही सुचवतात, फक्त खाली 'अंतिम निर्णय आपला' असं लिहितात.

सगळेच असे हसत नाहीत. ज्या सामन्यांमुळे मला क्लबमधून काढलं त्यांची हकीकत आता सांगते. नावं बदलली आहेत. जिची ही हकीकत आहे तिने मजकूर वाचला आणि एक वाक्य काढायला लावलं. मी ते काढलं. बाकी सगळं आहे तसं आहे.

त्या वेळी मी सकाळी शाळेत नोकरी करायचे आणि संध्याकाळी बिबवेवाडीतल्या एका क्लबच्या मुलींना शिकवायचे. आमची सगळ्यात गुणी खेळाडू ऋतुजा. उंच, शांत. तिचा शॉट इतका स्वच्छ होता की चेंडू रिंगला न शिवता जाळीतून उतरायचा. तिच्या वडिलांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांचं मूळ गाव शहरात आलं, शेतजमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, आणि ते बांधकाम व्यवसायात शिरले. क्लबचे उपाध्यक्ष होते. माणूस वाईट नव्हता. एकही सामना चुकवायचे नाहीत, सगळ्या संघासाठी केळी आणायचे. पण बरोबर बास्केटच्या मागे उभे राहायचे आणि पहिल्या मिनिटापासून ओरडायचे, "ऋतू, मार! ऋतू, तूच मार!"

दुसरी प्रज्ञा. येरवड्याहून दोन बस बदलून यायची. उंची बेताची, तोंड अखंड चालू. पंचांशी वाद घालायची, समोरच्या मुलींशी गप्पा मारायची. तिचा शॉट बघवत नसे. कोपर बाहेर काढून चेंडू फेकायची. ते कोपर आत आणायला मी जिवाचं रान केलं, उपयोग शून्य. पण ती चुकल्यावरही तशीच असायची जशी चुकण्याआधी. सलग चार चुकले तरी पाचवा मागायची. असली माणसं मी फार कमी पाहिली आहेत, मैदानावर आणि बाहेरही.

एका संध्याकाळी सराव संपला. बाकीच्या मुली वडापावच्या गाडीकडे पळाल्या. ऋतुजा मात्र बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. सोडत होती, पुन्हा बांधत होती.

"काय गं, घरी जायचं नाही?"

"ताई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

तिने मान वर केली नाही. "शेवटचा शॉट मला नका देऊ. बाकी सगळा सामना खेळीन, म्हणाल तेवढं पळीन. पण तेव्हा माझे हात गार पडतात. बास्केट दिसतच नाही मला. नुसते बाबा दिसतात."

मी तिच्याशेजारी बसले. आदल्या महिन्यात एका सामन्यात मी तिला शेवटचा शॉट दिला होता आणि तो चुकला होता. त्यानंतर काय झालं ते तिने तेव्हा सांगितलं. भाऊसाहेब रागावले नाहीत, ओरडले नाहीत. गाडीत एक शब्द बोलले नाहीत. घरी जेवायला बसल्यावर तिच्या आईला म्हणाले, "तिला विचार, भात हवा का." मुलगी समोर बसलेली. कितीतरी दिवस ते तिच्याशी असेच, आईच्या मार्फत बोलत होते.

"बाबांना सांगू नका, ताई. कोणालाच नका सांगू. कळलं तर ते मला खेळूच देणार नाहीत. म्हणतील, भित्री आहे."

"तू भित्री नाहीस," मी म्हटलं. "भित्र्या मुलीला हे सांगायला जमलं नसतं."

"पण सांगणार नाही ना?"

"नाही."

इतकंच बोलणं झालं.

मग शहर स्पर्धेचा उपांत्य सामना आला. ऋतुजा त्या दिवशी अशी खेळली की समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. आमचे निम्म्याहून जास्त गुण तिचे. शेवटी एका गुणाने मागे होतो आणि मी टाइमआउट घेतला. मुली गोळा झाल्या. ऋतुजा जमिनीकडे बघत होती. तिचा जीव कुठे अडकलाय ते मला दिसत होतं. तेवढ्यात प्रज्ञाने सरळ हात पुढे केला.

"ताई, मला द्या."

"प्रज्ञा मारेल," मी म्हटलं. "झाला तर तुझा, चुकला तर माझा. चला."

चेंडू रिंगवर आदळला, कडेने फिरला, क्षणभर थांबला आणि बाहेर पडला. हरलो. मुली रडायला लागल्या. प्रज्ञा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "कोपर बाहेर गेलं, ताई." जसं काही मला दिसलंच नव्हतं!

भाऊसाहेब बास्केटमागच्या पायऱ्या उतरून थेट माझ्यासमोर. "अहो मॅडम, जिने निम्मे गुण केले ती उभी राहून बघत होती. कशाच्या आधारावर दिलात तुम्ही तिला?"

"माझ्या."

"म्हणजे?"

"माझ्या आधारावर दिला. चुकला, तो माझा."

पुढच्या रविवारी क्लबच्या ऑफिसात बैठक बसली. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, अतिशय सभ्य. समोरच्याला सुळावर चढवतानाही 'आपण बसा' म्हणणारे. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "आपल्या अनुभवाबद्दल शंका नाही. फक्त कारण समजलं तर बरं होईल."

"कारण आहे. सांगणार नाही."

"असं कसं?" भाऊसाहेब उसळले. "कारण मी सांगतो. ती पोरगी तुमच्या भागातली आहे म्हणून."

मीही येरवड्यातच लहानाची मोठी झाले. पण इथे 'भाग' म्हणजे नुसता येरवडा नव्हता. मी बौद्ध, प्रज्ञाही बौद्ध, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. पुण्यात असल्या गोष्टी कोणी फोडून बोलत नाही. भागावर भागवतात. सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले.

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "येरवडा मोठा आहे. भाग म्हणजे नक्की काय म्हणायचंय ते स्पष्ट सांगा, म्हणजे इतिवृत्तात नीट लिहिता येईल."

कोणी काही लिहिलं नाही. अध्यक्षांनी घसा खाकरला.

सगळ्यांची तोंडं बंद करायला एक वाक्य पुरेसं होतं : तुमच्या मुलीनेच मला सांगितलंय. ते अगदी जिभेवर आलं होतं. खिडकीबाहेर कोर्टवर कोणीतरी एकटंच चेंडू आपटत होतं. मी वळून पाहिलं. ऋतुजा होती. शॉट मारत नव्हती, नुसता चेंडू आपटत होती आणि खिडकीकडे बघत होती. मी वाक्य गिळलं. पोरीचा विश्वास विकून मला माझी खुर्ची राखायची नव्हती.

मग क्लबच्या समितीने जे केलं ते पुण्यातच होऊ शकतं. त्यांनी ठराव केला. यापुढे अटीतटीच्या सामन्यात शेवटचा शॉट ऋतुजाच घेईल. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर.

"ठराव करून चेंडू बास्केटमध्ये जात नाही," मी म्हटलं.

"आपलं मत नोंदवलं आहे," अध्यक्ष म्हणाले. ठराव मंजूर झाला.

असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रज्ञा सरावाला आली ती तोंड बंद करून. तेव्हाच मला धोका कळला. शेवटी म्हणाली, "ताई, खरं सांगा. तुम्ही मला दया म्हणून दिला का? आपल्यातली म्हणून?"

शॉट चुकल्यावर ज्या मुलीचं काही बिघडलं नव्हतं, तिला हे शब्द लागले होते. मला भयंकर संताप आला.

"दया करायची असती तर तुला केळी दिली असती," मी म्हटलं. "शॉट दिला, कारण तू हात पुढे केलास. सगळं मैदान आपल्या अंगावर घ्यायला तयार असलेली तेव्हा तू एकटी होतीस. आणि तुझं कोपर अजून बाहेरच जातंय. चल, उभी राहा."

ती हसली नाही, पण उभी राहिली. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी ते कोपर आत आणायच्या मागे होतो.

ऋतुजाही येऊन गेली. रडत होती. "माझ्यामुळे तुम्हाला बोलतात. मी सांगते बाबांना."

"तुला स्वतःसाठी सांगावंसं वाटलं तर सांग. माझ्यासाठी नको. माझी पाठ पुरेशी रुंद आहे."

तिने सांगितलं नाही. अकरावीतली पोर होती. सांगायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पुढच्या स्पर्धेत आम्ही अंतिम फेरीत पोचलो. अध्यक्ष आमच्या बाकाच्या मागच्याच रांगेत येऊन बसले, ठरावाच्या अंमलबजावणीसाठीच बहुतेक. सामना शेवटपर्यंत ओढला गेला आणि पुन्हा तेच. एका गुणाने मागे, चेंडू आमचा. मी टाइमआउट घेतला.

मुलींना ठराव माहीत होता. सगळ्या ऋतुजाकडे बघत होत्या. ती पांढरी पडली होती. मागून अध्यक्षांचा हळू आवाज आला, "मॅडम, आपलं ठरलंय." बास्केटच्या मागून भाऊसाहेब ओरडत होते, "ऋतूला द्या! ऋतूला!"

मी बसले होते ती उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "प्रज्ञा मारेल."

ऋतुजाने श्वास सोडला. मग तिने डाव आखायचा माझा छोटा फळा ओढून घेतला आणि प्रज्ञाला म्हणाली, "तुझ्यावर पहारा करणाऱ्यांना मी ओढून नेते. सगळ्यांना वाटतंय मी मारणार. तू उजवीकडून ये." हे मी सुचवलं नव्हतं. तिचं तिने ठरवलं.

आणि तसंच झालं. शिट्टी वाजल्याबरोबर ऋतुजा हात उंचावून डावीकडे पळाली. समोरच्या दोघी तिच्यामागे धावल्या. प्रज्ञा उजवीकडून एकटी आली. कोपर बाहेर काढूनच मारला तिने. चेंडू फळीवर आपटला आणि आत गेला. बघायला कुरूप, पण गुण दोनच मिळतात, सुंदर असो की कुरूप. मुलींनी प्रज्ञाला उचललं. सगळ्यात आधी ऋतुजाने.

दुसऱ्या आठवड्यात अध्यक्षांनी मला बोलावलं. खुर्ची, पाणी, सगळं तसंच. "विजयाचा आनंद आहेच," ते म्हणाले. "पण प्रश्न शिस्तीचा आहे. ठराव मोडला गेला. यापुढे आपण सरावाला येऊ नये, असं समितीचं मत पडलं."

"मग आपण जिंकलेल्या ढालीचं काय करणार? ती ठराव मोडूनच आलीय."

"ढाल क्लबची आहे," ते म्हणाले.

मी जिंकून काढली गेलेली प्रशिक्षक आहे. याचा मला आजही अभिमान आहे, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. लोक म्हणाले, एवढं ताणायची काय गरज होती, एखादा शॉट ऋतुजाला द्यायचा होता. ज्यांना एखादाच शॉट दिसतो त्यांनी तो खुशाल द्यावा. मला समोर पोरगी दिसत होती.

वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. संघ विस्कटला. मी येरवड्यात सिमेंटच्या कोर्टवर नव्याने सुरुवात केली. तिथे एक रिंग वाकडी होती, जाळी नव्हतीच. प्रज्ञा आली, आणखी काहीजणी आल्या. ऋतुजाला घरून परवानगी मिळाली नाही. तिने खेळ सोडला. इतका स्वच्छ शॉट मी पुन्हा कोणाच्या हातात पाहिला नाही. पुष्कळदा कोर्टवर उभी असताना तो आठवतो आणि जीव हळहळतो.

प्रज्ञा आज वकील आहे. पंचांशी वाद घालायची तिची सवय कामाला आली. ऋतुजा खराडीला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. गेल्या वर्षी अचानक घरी आली, बरोबर तिची मुलगी. मुलगी आतल्या खोलीत टीव्ही बघत बसली तेव्हा म्हणाली, "ताई, मी बाबांना सांगितलं."

घरातल्या कुठल्याशा समारंभात भाऊसाहेब पाहुण्यांना ती जुनी गोष्ट ऐकवत होते. एका बाईने जातीसाठी माझ्या मुलीचा खेळ संपवला, असं. ऋतुजा जेवणाचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, मीच ताईंना म्हटलं होतं, मला देऊ नका. तुमच्या भीतीने म्हटलं होतं. त्यांनी तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि माझं नाव सांगितलं नाही." मग ताट उचललं आणि जेवायला बसली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? बाबा गच्चीवर निघून गेले." तिने आतल्या खोलीकडे एक नजर टाकली. "ताई, आता तुम्ही लिहा हे. मला चालेल."

त्यानंतर थोड्या दिवसांनी दुपारी दाराची बेल वाजली. उघडलं तर भाऊसाहेब. केस पूर्ण पांढरे, जिना चढून धाप लागलेली. मी बाजूला झाले, ते आत येऊन बसले. बराच वेळ भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत राहिले. मी चहा टाकला.

कप हातात घेतल्यावर म्हणाले, "तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"नाही."

"अहो, बैठकीत तुम्हाला मी काय काय बोललो. एका शब्दात गप्प करता आलं असतं मला."

"आलं असतं."

"मग का नाही सांगितलंत? मी बाप होतो तिचा."

"म्हणूनच नाही सांगितलं."

माफी मागतील असं मला वाटलं होतं, पण ती त्यांच्या तोंडून निघेना. मीही मदत केली नाही. बैठकीत जे सगळ्यांसमोर बोलले होते, ते माझ्या घरात दार लावून मिटवायची माझी इच्छा नव्हती. त्यांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"साखर कमी आहे," ते म्हणाले.

"माझ्याकडे एवढीच असते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि सगळा चहा पिऊन टाकला.